दोन नाड्यांचा गठ्ठा

सोनालीने कापडी पिशवी ओट्यावर उपडी केली, तेव्हा कमळू घोसाळ्याच्या वेलासाठी घरभर सुतळी शोधत होता. पिशवीतून नाड्या पडल्या. मळकट पांढऱ्या, काही कधीकाळी लाल असलेल्या आणि आता विटून गेलेल्या. सगळ्या कात्रीने कापलेल्या. "घ्या बाबा. सुतळी सुतळी करत होतात ना? तिकडं पोत्यांनी पडल्यात. टाकूनच देतात," असं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. कमळूने वाकून एक नाडी उचलली, वेलापर्यंत पुरेल का म्हणून ताणून बघितली आणि तिथेच थांबला. कात्री नाडीवर भलतीकडेच चालली होती आणि गाठ जशीच्या तशी राहिली होती. दोन टोकांना एकत्र पीळ, पीळ मुडपलेला, आणि शेपूट त्याच्याच खाली खोचलेलं. धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या त्यांच्या पाड्यावर भाताचा भारा असाच बांधतात. ती गाठ त्याची होती. या हातांनी बांधलेली, मुंबईतल्या एका कचेरीच्या चौथ्या मजल्यावर, कुठल्या तरी दुपारी. इतक्या वर्षांनी ती शहापूरच्या ओट्यावर येऊन पडली होती, आणि कमळूला आधी आनंदच झाला. जुना सोबती भेटावा तसा. त्यामागून लगेच त्याने नाडी खाली ठेवली, ती का ठेवली हे कळायला मात्र त्याला चहा येईपर्यंतचा वेळ लागला.

सोनाली बी.कॉम. झालेली. दोन वर्षं अर्ज करकरून शेवटी महामार्गालगतच्या एका गोदामात कंत्राटावर लागली. केंद्राच्या कर खात्याची जुनी दप्तरं तिथे ट्रकांनी येऊन पडली होती. मुली गठ्ठे सोडायच्या, कागद यंत्रातून काढायच्या, आणि यंत्राने बघून झालेला कागद लगद्याला जायचा. योगायोग म्हणा, काही म्हणा, त्याच खात्यात तिच्या बापाने एकतीस वर्षं काढली होती. पहिली तेरा रोजंदारीवर, पुढची अठरा पर्मनंट दफ्तरी म्हणून. गठ्ठे बांधायचे, सोडायचे, मागतील ती फाईल नेऊन द्यायची, परत आणून जागेवर ठेवायची. बापाने बांधलेलं लेक आता कापत होती. हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि कमळूनेही गेल्या तीन महिन्यांत तिला गोदामाविषयी कधी काही विचारलं नव्हतं. विचारायला पाहिजे होतं. माणूस नेमकं तेच विचारत नाही.

चहा पिता पिता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठलं साल चालू हाय गो तुमचं?"

"आज दोन हजार एक संपलं. उद्या दोनचं काढतील." तिने बिस्कीट बुडवलं. "का?"

"नाय. असंच."

म्हणजे आठवडाभरात दोन हजार तीनचं साल येणार. कमळूने ती गाठ सदऱ्याच्या खिशात टाकली आणि घोसाळ्याचा वेल त्या दिवशी तसाच लोंबकळत राहिला.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस तो घरात होता आणि नव्हताही. नळाचं पाणी भरताना त्याला रेकॉर्डरूमचा वास यायचा. खळीचा, डांबरगोळ्यांचा, वितळलेल्या लाखेचा आणि जुन्या कागदाचा तो वास नवख्याला गुदमरवायचा, पण कमळूला त्यात शिरलं की घरी आल्यासारखं वाटायचं. उंच लोखंडी मांडण्या, भिंतीकडे एकच खिडकी, तिच्यात पारवे. आता खात्यात म्हणे माणूस माणसाला बघतच नाही. नोटीस एका शहरातून निघते, उत्तर दुसऱ्याच शहरात तपासतात, तपासणारा कोण ते ज्याचं त्याला ठाऊक. गैरप्रकार बंद व्हावेत म्हणून. कमळूच्या वेळी चेहऱ्यांना तोटा नव्हता. तोंडातलं पान बदलावं तसे चेहरे बदलणारेही होते. पण त्या सगळ्यांत एक चेहरा असा होता की त्याच्यासाठी तो सकाळी पाड्याच्या उतारावरून अंधारातून चालत यायचा, एस.टी. धरायचा, गाडी बदलायचा, आणि त्याचा त्याला कधी त्रास वाटला नाही. मनात भलतंसलतं काही नव्हतं. जनाताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, किन्हवलीकडच्या शेतकरी घरातली, अविवाहित, खात्यात कारकून. तिचं टेबल रेकॉर्डरूमच्या दाराशी होतं. साहेब लोकांच्या इंग्रजी-हिंदीत दिवसभर कान बधिर झाल्यावर ती मान वर करून म्हणायची, "कमळू, पाणी हाय काय रे?" आणि पेला समोर आला की दर वेळी तोच विनोद, "बघ, भातसा धरणाचं पाणी. आमच्याच गावावरनं येतंय, आन् इथं साहेबाच्या परवानगीनं प्यायचं." कमळू दर वेळी हसायचा. ती डब्यात अडीच भाकऱ्या आणायची. दोन तिच्या. अर्धी, वर वालाची उसळ घालून, फळीवर कमळूसाठी झाकलेली. हे कधी ठरलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात झालं आणि मग होतच राहिलं.

पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या दफ्तरीने त्याला फाईलची गाठ शिकवली होती, बुटाच्या नाडीसारखी. कमळूच्या हाताला ती काही वळेना. बोटं आपोआप पीळ देऊन शेपूट आत खोचायची. जनाताईने ते पाहिलं आणि तोंडावर पदर धरून हसली. "अरे, फाईल हाय का भाताचा भारा? डोक्यावं घेऊन खळ्यात नेतोस का आता?" म्हातारा दफ्तरी चिडला, पण गाठ कधी सुटेना म्हणून मग तोही गप्प बसला. पुढे अख्ख्या मजल्याला कळायचं, हा गठ्ठा कमळूने बांधलाय. गाठ नेहमी समोर, हाताशी, तोंडावर. कमळूला त्याचा अभिमान वाटायचा. त्याला लिहिता येत होतं ते जेमतेम सहीपुरतं. पण त्या खोलीत हजारो ठिकाणी त्याचं नाव होतं, आणि ते फक्त वाचणाऱ्यांनाच कळायचं.

एकच गठ्ठा त्याने गाठ भिंतीकडे करून ठेवला होता.

दोन हजार तीनचा फेब्रुवारी. मुंबईतल्या एका बड्या बांधकामवाल्याची फेरतपासणी चालू होती. एकतीस मार्चपर्यंत हुकूम निघाला तर निघाला, नाहीतर केस मेली, असा कायदा. ती फाईल जनाताईच्या टेबलावर होती, फाईल कुठून कुठे गेली ते लिहायच्या वहीत तिची सहीही होती. एका दुपारी साहेबांनी कमळूला आत बोलावलं. बसायला सांगितलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा. "कमळू, तू आपल्या घरचा माणूस. तुझे पर्मनंटचे कागद माझ्याकडेच आलेत. एप्रिलात करून टाकू." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "ती फाईल जरा ठेव कुठेतरी. महिनाभर कुणाला दिसली नाही म्हणजे झालं. मग मी बघतो." पैशाची गोष्ट निघाली नाही. निघाली असती तर कमळू कदाचित नाही म्हणालाही असता. नंतर त्याने हे स्वतःला किती वेळा सांगितलं. जनाताई हात धुवायला गेली होती. फळीवर अर्धी भाकरी झाकलेली होती. त्याने फाईल उचलली, रेकॉर्डरूममध्ये नेली आणि गावाकडे बी जसं पेंढ्याच्या मधोमध दडवतात, तशी कधीच निकालात निघालेल्या फायलींच्या गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली. जिवंत फाईल मेलेल्यांत कोण शोधणार? पीळ दिला, शेपूट खोचलं, आणि गाठ भिंतीकडे केली. बाहेर आला आणि भाकरी खाल्ली. हे त्याला सगळ्यांत जास्त आठवायचं. ती घशाखाली उतरली, अगदी रोजच्यासारखी उतरली.

एप्रिलात बोभाटा झाला. वर्तमानपत्रांत आलं, घरभेद्याशिवाय हे होत नाही म्हणून. वरून चौकशी लागली. सगळा मजला आठवडाभर फाईल शोधत होता, कमळूसुद्धा सगळ्यांबरोबर, शिडीवर चढून. त्याच आठवड्यात त्याला पर्मनंटचा कागद मिळाला. दिवाळीच्या सुमाराला चौकशी संपली आणि हलगर्जीपणाचा ठपका जनाताईवर आला. नोकरी राहिली. पण बढती कायमची गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे नवीन आलेला कुणीही दहा दिवसांत तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला शिकायचा. "फाईलवाल्या बाई," असं म्हणायचे. साहेब पुढे दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर गेले. जनाताई त्याच टेबलावर निवृत्त झाली. निरोपाला सात माणसं होती, त्यांतला एक कमळू, आणि हाराची पिशवी त्याच्याच हातात होती.

तिने कधी विषय काढला नाही. तो कधी बोलला नाही. दर पावसाळ्याच्या आधी ती कुणाच्या तरी हाती त्याला वालाची पुरचुंडी पाठवायची. "कमळू" म्हणून फोन करायची. एवढंच. बायको, बाईजा, गेल्यापासून त्याला नुसत्या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी उरलंही नव्हतं. सांगितलं तर ती हाकही जाणार. पेन्शनीचं त्याला भय होतं, नाही कसं. पण खरं भय हे होतं.

तिसऱ्या संध्याकाळी त्याने सोनालीला सगळं सांगितलं. ओट्यावर बसून, वेलाकडे बघत, एका दमात. सांगून झाल्यावर ती नाड्यांचा गुंता सोडवत बसली.

"पेन्शन बंद होईल काय?" तिने शेवटी विचारलं.

"ठावं नाय."

"जनाआत्या," ती म्हणाली आणि थांबली. लहानपणी ती तिला आत्याच म्हणायची. सोनाली चार वर्षांची असताना, फाईल दडवली त्याच वर्षीच्या श्रावणात, बाईजाला मुंबईच्या इस्पितळात ठेवलं होतं आणि कमळूला पोरीला कचेरीत न्यावं लागलं होतं. केस पिंजारलेले, नाक वाहणारं. जनाताईने तिला टेबलावर बसवून दोन वेण्या घातल्या आणि रिबीन नाही म्हणून फायलींच्या नाड्या बांधल्या. वर फूल केलं, आणि फुलाचा एक कान पुन्हा मधून ओढून घेतला, म्हणजे पोरीला ते सोडता येऊ नये. दोन दिवस सोनालीने त्या वेण्या सोडू दिल्या नव्हत्या. शेवटी बाईजाने इस्पितळाच्या खाटेवर बसून, डावा कान ओढल्याशिवाय सुटत नाही हे शोधून काढलं होतं. पुढे शाळेत जाईपर्यंत पोरीला रोज तसंच फूल लागायचं.

"कापू नको," कमळू म्हणाला. "माझी गाठ दिसली तर कापू नको. हातानं सोड आन् आत बघ."

शुक्रवारी ती उशिरा आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि डब्याच्या पिशवीतून घडी केलेली एक नाडी काढून त्याच्यापुढे ठेवली. "सापडला. फाईल आतच हाय. सुपरवायझरला बोलले मी. तो म्हणाला, हे वेगळं नोंदवायचं तर कुणीतरी लेखी द्यायला पायजे, कुणी ठेवली, कशी ठेवली. नायतर सोमवारी यंत्रातनं जाईल आन् मंगळवारी लगद्याला." मग ती त्याच्याजवळ बसली. "बाबा, पण त्याला दोन नाड्या होत्या."

"दोन कशा? मी एकच बांधली."

"तुमची आतली. ती तशीच होती, कुणी सोडली पण नव्हती. तिच्यावरनं ही दुसरी. मी ओढत बसले, सुटंना. मग डावा कान ओढला." तिचा आवाज बदलला. "बाबा, फूल होतं हो. माझ्या वेणीचं."

कमळूने नाडी हातात घेतली. बावीस वर्षं एकाच जागी दुमडून राहिलेल्या नाडीला वळ्या पडल्या होत्या, फुलाच्या कानांच्या जागा अजून दिसत होत्या. दर दिवाळीला साफसफाई व्हायची. प्रत्येक गठ्ठा खाली काढायचा, सोडायचा, झटकायचा, गोळ्या घालायच्या, परत बांधायचा. अठरा दिवाळ्या. प्रत्येक दिवाळीला तो वरच्या फळीवर हात न्यायचा, भिंतीकडून तिसरा गठ्ठा आला की हात उचलून चौथ्यावर ठेवायचा. एकदाही त्याने तो वळवून बघितला नव्हता.

शनिवारी सकाळी तो भातसानगरला गेला. रिक्षावाल्याने गणेशोत्सवाच्या वर्गणीवरून सुरू केलेली तक्रार धरणाच्या वसाहतीपर्यंत संपली नाही, आणि कमळू सगळीकडे "हो ना" म्हणत राहिला. जनाताई भाच्याच्या क्वार्टरमध्ये राहायची; भाचा धरणावर कामाला. माणसं बाहेर गेलेली. ती मागच्या पडवीत बसून मोडाचे वाल सोलत होती. केस पांढरेशुभ्र, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "कमळू! फोन न करता?" तिने पाट सरकवला. "बस. सोनाली बरी हाय ना?"

तो बसला नाही. खिशातून नाडी काढून त्याने वालांच्या ताटाशेजारी ठेवली. तिने चष्मा सारखा केला, नाडीकडे पाहिलं. हात थांबले. नळाचं पाणी बादलीत पडत होतं, ती भरून वाहायला लागली, तरी कुणी उठलं नाही.

"मिळाला म्हणजे," ती म्हणाली.

"तुमाला ठावं होतं, जनाताई."

"शोधाशोध चालली होती तवाच. सगळे गठ्ठे तोंड करून बसलेले आन् एकच पाठ करून. म्हटलं, कमळू असा ठेवायचा नाय. ओढून बघितलं." तिने एक वाल उचलला, सोलला. "फाईल दिसली. वरनं तुझा भाऱ्याचा बंद दिसला. तारीख तर गेलीच होती. बाहेर काढली असती तर केस काय उठली नसती, तू तेवढा गेला असतास. बाईजाला दिवस होते तवा."

ते मूल राहिलं नव्हतं. श्रावणातलं इस्पितळ त्याचंच.

"देवमाणूस हाव म्हणून नाय गप बसले मी," ती एकदम तोडून म्हणाली. "लय राग आला होता. आठ दिवस तुझी भाकरी आणली नाय. आठवतंय?"

त्याला आठवलं. ती म्हणाली होती, गिरणी बंद आहे. दोन भाकऱ्यांना पीठ होतं आणि अर्धीला नव्हतं, हे तेव्हा त्याला विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नव्हतं. त्या आठ दिवसांत तो खाली जाऊन वडापाव खायचा आणि पर्मनंटच्या कागदाची घडी शंभरदा उघडून बघायचा.

"मग ही?" त्याने नाडीकडे बोट केलं.

"ती तुझ्यासाठी बांधली."

नळ आता तिनेच उठून बंद केला. पाठमोरी उभी राहून बोलली, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसला नाही. "म्हटलं, दिवाळीला गठ्ठे सोडशील, तवा दिसेल. कळेल, जनीला ठावं हाय. मग येशील, बोलशील. काय बोलला असतास तरी चाललं असतं मला. चुकलो म्हणून नुसतं बसला असतास समोर, तरी चाललं असतं. दर दिवाळीला मी डबा उघडून बसायची आन् तुझी शिडी कुठं सरकते ते बघायची. तिसऱ्यावरनं तुझा हात उठायचा. रिटायर झाले त्या वर्षी पण उठला."

कमळू खाली बसला. पाटावर नाही, तिथेच ओल्या फरशीवर. बावीस वर्षं आपण एक गोष्ट लपवतोय असं त्याला वाटत आलं होतं. लपलेलं काहीच नव्हतं. एक बाई रोज त्याच्या समोर बसून वाट बघत होती, आणि तो तिला पाण्याचा पेला देऊन हसत होता. तो रडला. चौसष्ट वर्षांचा माणूस रडतो तसा, आवाज न करता, नाक ओढत. तिने रडू दिलं. उगी म्हणाली नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "सोमवारी लेखी पायजे गोदामात. मी देणार हाय. तुमी म्हणाल, आता कशाला, पेन्शन–"

"मी कशाला म्हणू तसं?" ती वळली. "दे की. माझ्या सर्विस बुकात ते वाक्य अजून हाय."

घरातून तिने भाच्याच्या मुलाची वही आणली, पान फाडलं आणि सवयीने डाव्या बाजूला समास आखला. विषय, संदर्भ, तारीख. कमळू सांगत गेला आणि ती तिच्या त्या गोल, सरळ अक्षरात लिहीत गेली, जणू दुसऱ्याच कुणा बाईचं प्रकरण आहे. साहेबांचं नाव आलं तेव्हाही तिचं पेन अडलं नाही. 'सदर फाईल श्रीमती जना यांच्या टेबलावरून त्या जागेवर नसताना' इथपर्यंत आली आणि थांबली. पेन त्याच्या हातात दिलं.

"हे तू लिही."

"मला कुठं येतं एवढं?"

"दोनच शब्द हायेत. येतात."

त्याने कागद मांडीवर घेतला. 'मी' काढायला वेळ लागला नाही. 'उचलली' मधल्या 'च'वर तो अडला. ती वरून बघत राहिली, सांगितलं नाही. शेवटी त्याने जमेल तसं ते लिहिलं. खाली सहीसाठी जागा होती. त्याने वर पाहिलं तर ती तिथे नव्हती. आत चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला, आणि मग परातीत पिठाची मूठ टाकल्याचा, एक, दोन, तीन.

"सही कर," ती आतून म्हणाली. "मग जेवू."